बोंडातून आजीचाच गुलाब येईल का?

ज्या प्रश्नावरून हे लिहितेय तो आधी थोडक्यात सांगते. विचारणाऱ्या ताई इंदूरच्याच, बागकामात नव्या. 'रंगीबेरंगी गुलाब, 100 बिया' असं पाकीट त्यांनी ऑनलाइन मागवलं आणि जुलैत दोन कुंड्यांत पेरलं. बिया काळ्या, खसखशीएवढ्या होत्या. गणपती येऊन गेले तरी गुलाब एकही नाही, चार-पाच गुबगुबीत पानांची बुटकी रोपं तेवढी आली. दुसरीकडे रामबागेत आजीच्या अंगणात एक जुना, वासाचा गुलाबी गुलाब आहे. दिवाळीनंतर ते घर दुसऱ्याच्या ताब्यात जाणार. झाडावर तीन नारिंगी बोंडं, म्हणजे फूल गळल्यावर धरलेली फळं, आहेत. त्यांतल्या बिया लावून तोच गुलाब आपल्या पश्चिमेच्या बाल्कनीत आणता येईल का, आणि पहिलं फूल कधी दिसेल, असं त्यांनी विचारलंय.

ताई, तुम्ही एका प्रश्नात दोन प्रश्न विचारलेत, आणि त्यातला एक घाईचा आहे. तुम्हाला आजीचा गुलाब हवाय. तो बियांतून येत नाही, फांदीतून येतो. बियांतून येईल तो त्याचा मुलगा किंवा मुलगी. मी पहिल्यांदा बिया गोळा करायला लागले तेव्हा एका म्हाताऱ्या माळीबुवांनी मला हसत ऐकवलं होतं, "बाई, बीज से बच्चा आएगा, फोटू नहीं आएगी." हापूसची कोय पुरली की हापूस मिळत नाही, हे आपल्याला घरोघरी माहीत असतं; गुलाबाच्या बाबतीत मात्र आपण ते विसरतो. आपल्या बागांतले बहुतेक गुलाब कित्येक पिढ्यांच्या संकरातून आलेले. एकाच झाडाचे पराग त्याच झाडाच्या फुलावर पडून बी धरलं तरी तिच्यात आईचे गुण नव्याने पिसले जातात, पत्त्यांसारखे. एकाच बोंडातल्या दहा बियांतून दहा वेगळी झाडं मी गच्चीवर पाहिलीत: एक पांढुरकं, एक पाच पाकळ्यांचं, एकाला वासच नाही.

म्हणून आधी फांद्या. दिवाळीची वाट पाहू नका, याच आठवड्यात रामबागेत जा. नुकतंच फूल गळून गेलेली, पेन्सिलीएवढी जाड, काटा बोटाने बाजूला ढकलला की कटकन तुटतो अशी फांदी निवडा. वीतभर लांबीचे बारा-पंधरा तुकडे करा, प्रत्येकावर तीन-चार डोळे (जिथून नवी पालवी फुटते ते फुगवटे) हवेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा. आयबीएची रूटिंग पावडर (मुळं फुटायला मदत करणारी) मिळाली तर टोकाला लावा, नाही मिळाली तरी गावठी गुलाब बऱ्यापैकी लागतात. अर्धी वाळू आणि अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या कुंडीत दोन डोळे आत जातील असे खोचा, वरून बूड कापलेली पाण्याची बाटली पालथी घाला आणि सावलीत ठेवा. चार ते सहा आठवडे लागतात. मुळं आली का हे बघायला उपटून पाहायचं नाही. हा मोह मला अजूनही होतो, म्हणून तुम्हाला सांगतेय. पंधरातले पाच लागले तरी आजीचा गुलाब तुमच्या घरी आला. त्यातलाच एक पुढच्या थंडीत नर्सरीत नेऊन त्याचा डोळा खुंटावर, म्हणजे दुसऱ्या दणकट गुलाबाच्या बुंध्यावर, भरून घ्या, म्हणजे तो जास्त जोमाने वाढेल.

आता पाकीट. काळ्या, खसखशीएवढ्या बिया गुलाबाच्या असूच शकत नाहीत. गुलाबाचं बी तुरीच्या डाळीच्या कणीसारखं: टणक, कोनाकोनाचं, फिकट पिवळसर ते तपकिरी, साधारण तीन-चार मिलिमीटर. गुबगुबीत पानं म्हणताय त्यावरून तुमच्याकडे पोर्टुलाका उगवलाय. इंग्रजीत त्याला मॉस रोझ म्हणतात, आपण चिनी गुलाब म्हणतो. नावात गुलाब आला एवढंच. अडेनियमच्या बियाही 'डेझर्ट रोझ' म्हणून अशाच विकल्या जातात, त्या काडीच्या तुकड्यांसारख्या दिसतात. पोर्टुलाका टाकून देऊ नका, पश्चिमेच्या उन्हात तो छान फुलेल. पाकिटावर निळा गुलाबही छापलेला होता का? गुलाबात निळं रंगद्रव्य तयार करणारी यंत्रणाच नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने दुसऱ्या फुलाचं जनुक घालून वर्षानुवर्षं खटपट केली आणि 2009 साली 'अप्लॉज' बाजारात आणला, तोही बघायला जांभळटच. तेव्हा शंभर रुपयांत शंभर निळे गुलाब कुणाकडेच नाहीत.

आणि समजा, त्या बिया खरोखर गुलाबाच्या असत्या तरी जुलैत थेट मातीत टाकून त्या उगवल्या नसत्या. इथूनच खरी गंमत सुरू होते.

कित्येक रानगुलाब थंड मुलखातले. तिथे बोंड पिकतं शरदात. बी लगेच रुजलं तर महिन्या-दोन महिन्यांत बर्फात मरेल. म्हणून बी स्वतःला कुलूप घालून घेतं, आणि एक नाही, दोन कुलपं. एक म्हणजे ते दगडासारखं कवच. दुसरं आतलं रासायनिक: ॲब्सिसिक ॲसिड नावाचं द्रव्य अंकुराला दाबून ठेवतं. ओल आणि थंडी एकत्र, आठवड्यामागून आठवडे मिळाली की त्याचा जोर कमी होतो आणि बीला कळतं की हिवाळा सरला. ओल नसताना नुसती थंडी दिली किंवा थंडी नसताना नुसती ओल दिली तर काम होत नाही.

आपल्या इंदुरातली थंडी यासाठी पुरत नाही. 'शब-ए-मालवा', म्हणजे माळव्याची रात्र, ऐकायला गोड आहे आणि डिसेंबर-जानेवारीत पारा रात्री दहाच्या खाली उतरतोही, पण दुपारी पुन्हा पंचवीसला जातो. बीला हवी असते चार-पाच अंशांची न तुटणारी थंडी, दोन-अडीच महिने. ती आपल्या घरात एकाच ठिकाणी आहे: फ्रीजच्या खालच्या भाजीच्या ट्रेमध्ये. फ्रीझरमध्ये नाही. ओलं बी गोठलं की आतला जीव जाऊ शकतो.

तुमचं वेळापत्रक सुदैवाने जुळतंय. बोंड पिकायला फुलानंतर चारेक महिने लागतात. हिरवं असताना तोडलं तर बी कच्चं, सुकून सुरकुतलं तर कुलूप आणखी पक्कं झालेलं. पूर्ण नारिंगी झालं की तोडायचं, देठाशी हिरवं राहिलं असेल तर आठ दिवस थांबायचं. सप्टेंबरच्या शेवटी तोडलेली बोंडं फ्रीजमध्ये दहा आठवडे राहिली की डिसेंबरचा पहिला-दुसरा आठवडा येतो. तेव्हा इंदुरात दिवस पंचवीस-सव्वीसचा, रात्र दहा-बाराची. गुलाबाच्या अंकुराला असंच हवामान आवडतं. मी बिया कुठल्याही महिन्यात गोळा केल्या तरी मागे मोजून पेरणी नोव्हेंबर अखेर ते डिसेंबर मध्य अशीच बसवते. फेब्रुवारी उजाडल्यावर पेरलं तर रोपाला दोन पानं फुटेपर्यंत मार्चचं ऊन डोक्यावर येतं.

बोंड चाकूने उभं कापा, पण वरवरच. सुरी आत रुतली तर बिया चिरतात. आत बारीक केस असतात, ते हाताला खाजतात, चष्मा काढून डोळे चोळू नका. एका बोंडात पाचही बिया निघतात आणि तीसही. गर पूर्ण निघायला हवा, कारण गरातही रुजणं रोखणारी द्रव्यं असतात आणि बुरशीला तो फार आवडतो. मी चहाच्या गाळणीत घालून नळाखाली बोटांनी चोळते. मग पेलाभर पाण्यात टाकते. बुडाल्या त्या भरलेल्या, तरंगल्या त्या पोकळ, असं सगळीकडे सांगतात. ढोबळमानाने बरोबर आहे, पण माझ्या तरंगणाऱ्यांतूनही रोपं आलीत. तुमच्याकडे तीनच बोंडं आहेत, तेव्हा काही फेकू नका. तरंगणाऱ्या वेगळ्या पिशवीत ठेवा.

नंतर बुरशीचा बंदोबस्त. मेडिकलमध्ये मिळणारं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड एक भाग, पाणी दोन भाग, त्यात तासभर बिया. बारीक बुडबुडे येतात. मग स्वच्छ पाण्याने धुवायच्या. टिशू पेपर ओला करून मुठीत घट्ट पिळायचा, थेंब पडायला नको पण हाताला गार लागायला हवा. त्याच्या घडीत बिया एकमेकींना चिकटणार नाहीत अशा मांडायच्या, झिपच्या पिशवीत घालायच्या, पिशवीवर तारीख आणि झाडाचं नाव लिहायचं.

नाव आणि तारखेबरोबर मोठ्या अक्षरांत 'फेकू नका' असंही लिहा. माझ्या दुसऱ्या वर्षी सासूबाईंनी दिवाळीची आवराआवर करताना ट्रेमधली माझी साठ बियांची पिशवी, "मेथ्या सडल्यात गं" म्हणत कचऱ्यात टाकली. त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही, दिसतं तसंच.

दर रविवारी पिशवी उघडून बघायची. हवा बदलते आणि कागद सुकला असेल तर दोन थेंब पाणी घालता येतं. एखाद्या बीवर राखाडी कापूस दिसला तर ती धुऊन पुन्हा पेरॉक्साइडमध्ये बुडवून नव्या कागदात. पाचव्या-सहाव्या आठवड्यानंतर फ्रीजमध्येच एखादी बी शिवणीतून उकलते आणि साखरेच्या दाण्याएवढं पांढरं टोक बाहेर येतं. ते मूळ. दिसलं की ती बी त्याच दिवशी पेरायची, बाकीच्या तशाच राहू द्यायच्या. मूळ खाली करून, चिमटा मुळाला न लावता, बीच्या कवचाला धरून.

पेरायला आपली काळी माती अजिबात नको. माळव्याची काळी माती गव्हाला आणि सोयाबीनला सोन्यासारखी असेल, पण छोट्या डब्यात ती ओली असताना चिखल आणि सुकली की वीट. भेगा पडल्या की कोवळी मुळं तटातट तुटतात. दोन भाग कोकोपीट आणि एक भाग परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे) पुरे. परलाइट नसेल तर धुतलेली जाडी वाळू. कोकोपीटची वीट दोन-तीनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या, त्यातला खार जायला हवा. खत नाही, शेणखत नाही, गांडूळखतही नाही. बीला सुरुवातीला लागेल ते तिच्या पोटात असतं, आणि सेंद्रिय खताबरोबर बुरशी येते.

दह्याचे अर्धा किलोचे डबे मला सगळ्यात सोयीचे वाटतात. तळाला गरम खिळ्याने सहा-सात भोकं. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल, दोन बियांत दोन बोटांचं अंतर. वर वाळूचा पातळ थर, त्याने पृष्ठभाग कोरडा राहतो. पाणी वरून ओतू नका. डबा पाणी भरलेल्या ताटात दहा मिनिटं ठेवा आणि वरची वाळू गडद झाली की काढा. पाणी नर्मदेचं वापरा. एक दिवसाआड नळ येतो तेव्हा रोपांसाठी एक बादली वेगळी ठेवायची. बोरिंगचं जड पाणी सतत दिलं की महिना-दोन महिन्यांत नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसायला लागतात. ती लोहाची कमतरता असते: लोह मातीत असतं, क्षारांमुळे झाडाला घेता येत नाही. सुरुवातीची दोन वर्षं मी ते खताच्या नावाने खपवत होते.

खारी आणि साळुंक्या नव्या मातीत चोच-पंजे घालतातच. तांदूळ निवडायची जुनी चाळण डब्यांवर पालथी घाला.

मग वाट पाहायची. इथे कसल्याच हमीची भाषा मी करणार नाही, कारण झाड कुठलं, बोंड किती पिकलं, फ्रीज किती वेळा उघडला, सगळ्यावर ते अवलंबून आहे. शंभर बियांतून वीस-पंचवीस रोपं आली की मी ते वर्ष चांगलं धरते. एका वर्षी चाळीसातून दोनच आली होती. आणि सगळ्या एकदम येत नाहीत: पहिली पेरणीनंतर बाराव्या दिवशी, शेवटची फेब्रुवारीत. काही बिया तर पुढच्या हिवाळ्यात उगवतात, म्हणून डबा उन्हाळ्यात सावलीत ठेवून अधूनमधून ओला करत राहते.

पहिल्यांदा माती उचलली जाते, मग फिकट गुलाबी मानेचा एक आकडा दिसतो, शिवणाच्या सुईच्या जाडीचा. दुसऱ्या दिवशी तो सरळ होतो. डोक्यावर बीचं कवच टोपीसारखं अडकलेलं असतं. ती टोपी ओढायची नाही. दिवसभर सुटली नाही तर ओल्या कापसाने दहा मिनिटं भिजवून टूथपिकने हळूच. आतली दोन पानं गोलसर, गुळगुळीत, गुलाबासारखी मुळीच दिसत नाहीत. पहिल्यांदा मी तण समजून एक उपटलं होतं. त्यानंतर येतं ते खरं पान, कडेला बारीक करवती दाते असलेलं. मग खात्री पटते.

या टप्प्यावर सगळ्यात जास्त रोपं जातात, आणि पाण्यापायी जातात. सकाळी रोप ताठ असतं, संध्याकाळी ते आडवं पडलेलं. जवळ जाऊन पाहिलं तर मातीलगत मान दोऱ्याएवढी बारीक, पिचलेली, काळपट. वरची पानं अजून हिरवीगारच असतात, म्हणून आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, आणि आपण उरलेल्यांना आणखी पाणी घालतो. ही रोपांची मर, मातीतली बुरशी. आडवं पडलेलं रोप वाचत नाही. ते मातीसकट चमच्याने काढून टाका आणि बाकीच्यांचं पाणी दोन दिवस थांबवा. हवा खेळती ठेवा. उगवल्यावर डब्यावर प्लास्टिकचं झाकण नको. सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन पहिल्या दिवसापासून हवं, नाहीतर रोपं उजेडाकडे मान ताणून लांबुळकी होतात.

खरी पानं चार झाली की एकेक रोप चार इंची कुंडीत हलवायचं. आता मातीत तिसरा हिस्सा चांगलं मुरलेलं कंपोस्ट चालतं. कंपोस्टवरून आठवलं. जगभर ज्याला 'इंदूर पद्धत' म्हणतात ती इथेच घडली. 1924 साली इथे सुरू झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ठरावीक दिवसांनी उलथून, तीनेक महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. तिथे आज कृषी महाविद्यालय आहे. आणि आपण इंदूरवाले खताच्या पिशव्या परगावाहून मागवतो! ते असो. खतात शेणाचा वास उरला असेल तर ते मुरलेलं नाही. रोपाला देऊ नका.

फूल कधी, हे आजीच्या गुलाबावर अवलंबून आहे. तो वर्षभर थोडा-थोडा फुलतो, की वर्षातून एकदाच? एडवर्ड नावाने ओळखला जाणारा जुना वासाचा गुलाबी गुलाब पुन्हा पुन्हा फुलतो. दमास्कस जातीचा मात्र मुख्यतः चैताच्या सुमारास फुलतो. हळदीघाटीकडे त्याला चैती गुलाबच म्हणतात. बारमाही आईबापांची रोपं फार लवकर फुलतात, उगवल्यावर दोन-अडीच महिन्यांत. बोटभर उंचीचं रोप आणि त्यावर एक रुपयाच्या नाण्याएवढं फूल. पाहून हसू येतं. एकदाच फुलणाऱ्याची रोपं दोन-तीन वर्षं नुसती वाढतात. तुमचा गुलाब आणि शेजारचा एखादा वेगळा गुलाब यांच्यात मधमाश्यांनी संबंध जुळवला असेल तर काय येईल ते कुणीच सांगू शकत नाही.

पहिल्या फुलावरून रोपाची परीक्षा करू नका. ते लहान असतं, पाकळ्या कमी असतात, रंगही पुढे बदलतो. मी निदान तिसऱ्या बहरापर्यंत थांबते, आणि त्याआधी आलेल्या कळ्या एखाद-दुसरं फूल सोडता खुडून टाकते, म्हणजे ताकद मुळाकडे जाते. भुरी आणि काळे ठिपके हे पानांवरचे बुरशीचे रोग कुठल्या रोपावर सगळ्यात आधी पडतात ते वहीत लिहून ठेवा. इंदूरच्या पावसाळ्यात ज्याची पानं टिकली ते रोप फुलाने साधं असलं तरी मी ठेवते.

असं असेल तर बियांच्या भानगडीत पडायचंच कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. नाव असलेला बहुतेक प्रत्येक गुलाब कधी ना कधी कुणाच्या तरी वाफ्यात एकटं रोप होता. 'ला फ्रान्स' हा पहिला हायब्रीड टी (लांब देठावर एकेक मोठं फूल येणारा आधुनिक गुलाब) मानला जातो. 1867 साली गियो नावाच्या फ्रेंच बागवानाला तो आपल्याच रोपांत सापडला. 'पीस' (शांतता) हा गुलाब 1935 च्या परागीकरणातून आला आणि त्याला ते नाव मिळालं 1945 मध्ये, महायुद्ध संपताना. आपल्याकडे डॉ. बी. पी. पाल गव्हावर काम करणारे शास्त्रज्ञ, 1965 मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले, आणि गुलाबाच्या जाती काढणं हा त्यांचा दुसरा संसार. 'दिल्ली प्रिन्सेस' त्यांचाच. कोडाईकनालला विरू आणि गिरिजा वीरराघवन यांनी भारतातल्या रानगुलाबांचं, विशेषतः पाणथळ जागी वाढणाऱ्या रोझा क्लायनोफायलाचं, रक्त आजच्या गुलाबांत आणलं, म्हणजे उष्ण प्रदेशात टिकतील असे गुलाब मिळावेत. माझी उडी एवढी नाही. अकरा वर्षांत गच्चीवर ठेवण्याजोगी तीन रोपं निघाली. त्यातलं एक फिकट पिवळं, सात पाकळ्यांचं, मे महिन्यात बाकीचे गुलाब होरपळतात तेव्हाही हिरवं राहतं. त्याला मी नाव दिलेलं नाही, घरात 'पिवळी' म्हणतात.

पुढच्या वर्षी तुम्हाला आवड लागली तर पराग स्वतः घालून बघा. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डिसेंबरात बहर येतो. उमलायच्या आदल्या दिवशीच्या कळीच्या पाकळ्या आणि सगळे पिवळे पुंकेसर चिमट्याने काढायचे, मधला झुपका तेवढा ठेवायचा. दुसऱ्या झाडाचे पुंकेसर कागदावर एक दिवस सुकवले की पिवळी धूळ सुटते. दुसऱ्या दिवशी सकाळी मधला झुपका चिकट झालेला असतो, त्यावर ती धूळ बोटाने लावायची, कागदी पिशवी बांधायची, देठाला दोरा आणि चिठ्ठी. तीन आठवड्यांत फुलाखालचा फुगवटा हिरवा आणि घट्ट राहिला तर जमलं, पिवळा पडून गळला तर नाही. फार भरगच्च पाकळ्यांच्या फुलांच्या नादी लागू नका. त्यांचे पुंकेसरच पाकळ्या झालेले असतात, बी फारसं धरत नाही.

राहिली तुमची पश्चिमेची बाल्कनी. मोठ्या गुलाबाला ती फेब्रुवारीपर्यंत उत्तम. एप्रिल-मेत चाळिशीपार गेलेलं दुपारचं ऊन आणि तापलेली भिंत, दोन्हींत तो तगेल, पण कोवळ्या रोपांना तिथे ठेवू नका. बियांचे डबे डिसेंबरपासून मार्चपर्यंत स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला असेल तर तिच्यात ठेवा, नसेल तर इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पूर्वेच्या सावलीत. सोसायटीच्या सचिवांना आधी विचारा. मार्चनंतर रोपांवर पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी हवी, मोठ्या कुंडीत वाळलेल्या पानांचं आच्छादन, आणि पाणी सकाळी लवकर. मेमध्ये संध्याकाळीही थोडं, कुंडी थंड झाल्यावर. छोटी कुंडी पाणी भरलेल्या ताटात दिवसभर ठेवून गावाला जाऊ नका, मुळं कुजतात. त्यापेक्षा शेजारणीला किल्ली द्या.

आजीच्या फांद्यांच्या कुंडीला मात्र आत्ता ऊन अजिबात नको, नवी पालवी बोटभर होईपर्यंत. आणि रामबागेत जाल तेव्हा कात्री, ओलं फडकं आणि एक पिशवी बरोबर घ्या, तीनही बोंडं त्याच फेरीत बघून या. पूर्ण नारिंगी असतील तर तोडा. एखादं देठाशी हिरवं असेल तर त्याला लाल दोरा बांधा, म्हणजे झाडणारी बाई ते खुडणार नाही.